गाळ्यातलं पाणी

वेदगंगेवर जत्राट आणि भिवशी या गावांच्या मध्ये बंधारावजा पूल आहे. कोल्हापूर पद्धतीचे असे बंधारे आमच्या निपाणी-चिकोडी भागात बरेच आहेत. पावसाळा सरला की खांबांमधल्या गाळ्यांत बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घालतात, पाणी तुंबतं, उसाला मिळतं. मिरगाआधी बरगे काढले की नदी मोकळी होते, पण पुरती नाही. खांब तिथेच असतात. वर शेतांच्या कडेने ऐसपैस आलेल्या पाण्याला इथे अंग चोरून गाळ्यांतून जावं लागतं. आषाढाच्या सुरुवातीला, पूल अजून बुडालेला नसताना, खालच्या अंगाला सुरक्षित उंचीवर उभं राहिलं की ते नीट पाहता येतं. गाळ्याच्या तोंडाशी पाणी किंचित खाली दबतं, ताणून धरलेल्या कापडासारखं गुळगुळीत होतं आणि पलीकडे निघताच फुटतं. मधली धार सरळ खाली जाते. तिच्या दोन्ही अंगांचं पाणी मात्र वळून खांबाकडे, म्हणजे चक्क नदीच्या उलट दिशेला, चालू लागतं.

वाहत आलेलं उसाचं पाचट, जलपर्णीचे झुबके, थर्माकोलचे तुकडे यांच्यामुळे ही चाल डोळ्यांना दिसते. जलपर्णीच्या एका झुबक्यावर नजर ठेवावी. तो धारेतून येतो, खांबामागे ओढला जातो, गिरकी घेत खांबाला टेकतो, सुटतो, पुन्हा मागे येतो. आता गेला असं वाटतं तेव्हा जात नाही. आणि आता इथेच राहणार असं वाटतं तेवढ्यात धार त्याला उचलून नेते. कुठल्या क्षणी सुटणार हे काठावरून सांगता येत नाही. शेजारच्या गाळ्यात, तितक्याच रुंदीत, तेच पाणी वेगळ्या तालावर फिरत असतं.

यामागचं कारण अवघड नाही. जितकं पाणी वरून येतं तितकंच गाळ्यांतून जायला हवं. रुंदी घटली की वेग वाढणारच. वेग वाढला की दाब उतरतो, म्हणून तोंडाशी पाण्याचा पृष्ठभाग खाली बसतो. गाळ्यातून सुटलेली धार लगेच पसरू शकत नाही. तिच्या अंगाला खांबाआडचं जवळजवळ थांबलेलं पाणी असतं. धावतं आणि थांबलेलं पाणी जिथे एकमेकांना घासतं त्या रेषेवर ते गुंडाळलं जातं, आणि भोवरा तयार होतो. तो वाढत जातो, एका मर्यादेनंतर खांबाला सोडून खाली निघतो, आणि तोवर दुसऱ्या कडेला उलट फिरणारा दुसरा धरलेला असतो. गोल खांबामागे हे किती वेळाने घडतं याचा ढोबळ हिशेबही आहे: खांबाची जाडी भागिले पाण्याचा वेग, गुणिले पाच. खांब २ मीटर जाड असेल आणि पाणी सेकंदाला २ मीटर धावत असेल, तर एका कडेचा भोवरा सुमारे ५ सेकंदांनी सुटतो आणि त्याच्या अधेमधे दुसऱ्या कडेचा.

हे शास्त्रात आलं त्याची हकिगत मला फार मोलाची वाटते. १९११ च्या सुमारास जर्मनीत, ग्योटिंगेन विद्यापीठातल्या लुडविग प्रांटल यांच्या प्रयोगशाळेत हीमेन्झ नावाचा संशोधक विद्यार्थी वाहत्या पाण्यात गोल दांडा उभा करून त्याच्यावरचा दाब मोजत होता. त्याला प्रवाह स्थिर हवा होता, आणि प्रवाह सारखा डोलत होता. दांडा नीट गोल नसेल म्हणून त्याने तो पुन्हा घडवून घेतला. मग पाण्याचा पाट दोन्ही अंगांनी सारखा नसेल म्हणून तोही दुरुस्त केला. डोलणं काही थांबेना. तिथेच काम करणारे थिओडोर फॉन कार्मान रोज सकाळी त्याच्याकडे चौकशी करायचे, आणि उत्तर रोज तेच. शेवटी कार्मान यांनी गणित मांडलं. दोन्ही कडांचे भोवरे समोरासमोर असतील तर ती रांग टिकत नाही. डावा, उजवा, पुन्हा डावा अशी आळीपाळीची रांगच टिकते. म्हणजे डोलणं हा त्या प्रयोगातला दोष मानायचं कारण नव्हतं, प्रवाहाचा स्वभावच तो होता. दोष दांड्यात आहे असं समजून हीमेन्झ जसा तो घासत बसला, तसेच आपण सगळे नदीबद्दल चुकीची समजूत धरून बसतो. नदी एका वेगाने, एका दिशेने वाहते, आणि त्यात जे वेडंवाकडं दिसतं तो अपवाद, असं आपल्याला वाटत असतं.

आपल्या आकड्यांनी ही समजूत पक्की केली आहे. जुलै लागला की घराघरांत सकाळी आकड्यांचीच चर्चा असते. काळम्मावाडी धरणातून विसर्ग किती, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी किती. पंचगंगा निपाणीवरून वाहत नाही, तरी ३९ फुटांवर इशारा आणि ४३ फुटांवर धोका हे आमच्याकडच्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. पेपरातले हजारो क्युसेक त्यावरून मनात उभे करायचे. हे आकडे खरे असतात आणि त्यांच्यावाचून धरण चालवता येत नाही, गाव वेळेत हलवता येत नाही. पण ते अख्ख्या नदीचे असतात. गाळ्यात उतरलेल्या माणसाची गाठ अख्ख्या नदीशी पडत नाही. त्याच्या वाट्याला एक तर धार येते, नाही तर उलटं पाणी, नाही तर या दोहोंमधली ती रेघ, जिथे एक पाय एकीकडे आणि दुसरा दुसरीकडे ओढला जातो. शिवाय पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो: वेग दुप्पट झाला की रेटा चौपट. म्हणून सरासरी वेग बेताचा असला तरी धारेतला रेटा बेताचा राहत नाही.

काठावरच्या जुन्या माणसांना हे आकड्यांवाचून ठाऊक होतं. गुऱ्हाळातली काहील पुरात घालून पैलतीरी माणसं पोचवणाऱ्या पिढीतले एक अण्णा मला भेटले होते. काहील गोल. तिला पुढचं तोंड नाही की मागचं नाही, भोवऱ्यात सापडली की ती जागीच फिरत राहते. मग तुम्ही भोवरा टाळत होता का, असं मी विचारलं. त्यांनी मान हलवली.

“टाळून कसं भागंल? धार वलांडायची तर आधी काठाकाठानं उलट्या पान्यातनं वर जायाचं. नदीच वर नेती आपल्याला. मग काहील धारेत घालायची. खाली घसरत घसरत पल्याड जाती, आनि तितलं उलटं पानी तिला धरतंय.”

आणि सापडलंच कुणी तर?

“वर यायची घाई करायची न्हाई. खाली जायाचं, तळाला पाय टेकवायचा नि आडवं निघायचं. पर हे सांगून येत न्हाई, बाबा. अंगात असाय पायजे.”

उलट्या धारेचा उपयोग करून घेणारी ही विद्या होती. पुरात आता बोटी येतात, तेही योग्यच. पण काहील गेली तशी काठावर थांबून पाणी वाचण्याची सवयही जात चालली आहे, आणि त्याची मला मनापासून काळजी वाटते.

बंधाऱ्याच्या खालचा एक भोवरा तर दिसतही नाही. बरगे असताना पाणी वरून सांडतं, किंवा पुरात बंधाऱ्याच्या अंगावरून जातं, तेव्हा पडणारं पाणी थेट तळाला जातं, पुढे जाऊन वर येतं आणि त्यातलं काही पृष्ठभागावरून परत भिंतीकडे वळतं. हा आडवा भोवरा. नदीच्या रुंदीभर पसरलेला. काठावरून पाहणाऱ्याला फक्त फेसाळ, काहीसं निवांत पाणी दिसतं. पोहणारा त्यात गेला की भिंतीकडे ओढला जातो, पडत्या पाण्याखाली दबतो, पुढे वर येतो आणि पुन्हा भिंतीकडे ओढला जातो. फेसात हवा मिसळलेली असल्यामुळे ते पाणी माणसाला नेहमीसारखं उचलूनही धरत नाही. पट्टीचे पोहणारे बंधाऱ्याच्या पायथ्याशी, फार खोल नसलेल्या पाण्यात बुडतात, ते यामुळे. नंतर गावात चर्चा होते की पोहता येत होतं, मग बुडाला कसा. पोहता येणं तिथे पुरत नाही.

तिसरा प्रकार खांबाच्या बुडाशी चालतो. धार खांबावर आदळली की तिचा काही भाग खाली वळतो आणि तळाशी खांबाला वेढा घालत माती उकरतो. पूर ओसरताना तो खड्डा गाळाने बुजतो, म्हणून उन्हाळ्यात नदी आटल्यावर पाहिलं तर पाया शाबूत वाटतो. महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला, एस. टी. च्या गाड्यांसह माणसं गेली. त्यानंतर जुन्या पुलांच्या तपासणीचा विषय सगळीकडे निघाला. तपासणी करायची तर पाणी जोरात असतानाची करायला हवी, आणि ते काम फार थोड्या ठिकाणी होतं.

या सगळ्याला भोवऱ्याची दुसरी बाजूही आहे. जिथे पाणी उलटं फिरून मंदावतं तिथेच ते आपल्या पोटातली माती खाली ठेवतं. कृष्णाकाठची मळीची राने, त्यांतली वांगी, भाजीपाला, हे सगळं नदीच्या मंदावलेल्या, वळलेल्या पाण्याचं देणं. सरळ धारेने कुणाचं रान पिकवलेलं नाही.

आमच्या भागातल्या पाण्याची आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना पटकन समजत नाही. वेदगंगा भुदरगडातून, पाटगावच्या रानातून येते. ती दूधगंगेला मिळते आणि दूधगंगा यडूरजवळ कृष्णेला. पाऊस पाटगावात पडतो, धरणं बहुतेक महाराष्ट्रात आहेत आणि पाणी कर्नाटकातल्या गावांत शिरतं. पण उलटही घडतं. कृष्णा तुडुंब असली की दूधगंगेचं पाणी तिच्यात शिरू शकत नाही, ते मागे फुगतं, आणि त्यामागे वेदगंगा. निपाणीत ऊन असतं, पाटगावला उघडीप असते आणि तरी भोजवाडी-कुन्नूरचा पूल मोकळा होत नाही, कारण पाऊस कोयनेच्या खोऱ्यात, महाबळेश्वराला चाललेला असतो. नृसिंहवाडीला हे सगळ्यांत स्पष्ट दिसतं. कृष्णा वाढली की पंचगंगेचा उतार जणू नाहीसा होतो आणि तिचं पाणी जागच्या जागी चढतं. त्याच चढत्या पाण्यात दक्षिणद्वार सोहळा होतो: पाणी उत्तरेच्या दारातून दत्त मंदिरात येतं, पादुकांवरून जातं आणि दक्षिणेच्या दारातून बाहेर पडतं. चढताना होतो, उतरतानाही होतो. भाविक त्या दाराशी स्नान करतात. मीही केलं आहे. दोन दारांमधून जाणाऱ्या त्या पाण्याची ओढ पायांना कळते. बाहेर नदी मैलभर पसरून संथ दिसत असते तरी.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये वेदगंगा यमगर्णीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गावर आली आणि रस्ता बंद पडला. मालवाहू गाड्यांच्या रांगा सगळ्यांनी पाहिल्या. माझ्या मनात राहिला तो रस्त्याचा भराव. पुरात पसरायला निघालेल्या नदीसमोर उंच भराव घातला की पूल हाच काय तो गाळा उरतो. वरच्या अंगाला पाणी तुंबतं आणि गाळ्यात धार वाढते. भरावाऐवजी खांबांवर रस्ता न्या, ही काठच्या शेतकऱ्यांची मागणी मला पूर्ण रास्त वाटते. नदीला अरुंद करून तिच्याकडून शहाणपणाची अपेक्षा धरता येत नाही.

समुद्राला असा गाळा असतो तेव्हा काय होतं, हे मी रामेश्वरला पाहिलं. काशी-रामेश्वर आमच्याकडच्या घरांतून अजून नेमाने होतं. मंडपमहून बेटाकडे जाताना मोटारीच्या पुलावरून शेजारचा रेल्वेचा जुना पांबन पूल दिसला. १९१४ साली सुरू झालेला हा पूल २२ डिसेंबर १९६४ च्या रात्रीच्या वादळात मोडला, धनुष्कोडीजवळ अख्खी आगगाडी समुद्रात गेली. पूल मग ४६ दिवसांत उभा राहिला. आता त्याच्या शेजारी नवा पूल झाला आहे, ६ एप्रिल २०२५ ला तो सुरू झाला. मी गेलो तेव्हा डिसेंबर होता. खाली निळं-हिरवं पाणी खांबांमधून घाईने चाललं होतं आणि प्रत्येक खांबामागे तीच आळीपाळीची रांग. फरक एवढाच की इथल्या पाण्याला वरचं आणि खालचं अंग कायमचं ठरलेलं नाही. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांत पाणी मन्नारच्या आखातातून पाल्कच्या उपसागराकडे जातं, ईशान्य वाऱ्यांत उलट फिरतं. खांब तेच, पण भोवरे अर्धं वर्ष एका अंगाला आणि अर्धं वर्ष दुसऱ्या.

भारत आणि श्रीलंकेमधली ही सामुद्रधुनी इतकी उथळ आहे की बंगालच्या उपसागराचा मोठा प्रवाह तिच्यातून जाऊच शकत नाही. तो श्रीलंकेला वळसा घालतो. हिवाळ्यात हा वळसा घालून उपसागराचं कमी खारट पाणी, ज्यात गंगा-ब्रह्मपुत्रेचा वाटा सर्वांत मोठा आणि आपल्या कृष्णेचाही थोडा, अरबी समुद्रात येतं आणि भारताच्या पश्चिम किनाऱ्याने उत्तरेकडे सरकतं. पावसाळ्यात हाच किनारी प्रवाह दक्षिणेकडे जातो. पुस्तकात इतकंच लिहिलेलं असतं. दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १ जानेवारी १९६६ ला स्थापन झाली. तिथल्या शास्त्रज्ञांनी गोव्यासमोर आणि किनाऱ्यावर इतरत्र, समुद्रतळाच्या उतारावर यंत्रं नांगरून वर्षानुवर्षं प्रवाह मोजला, तेव्हा निराळं चित्र दिसलं. ऋतूच्या मोठ्या प्रवाहावर काही आठवड्यांचे चढउतार स्वार झालेले असतात, हिवाळ्यात विशेष. आणि कित्येकदा तेच इतके जोरकस असतात की प्रवाहाची दिशाच काही दिवस उलटते. त्याचं कारण गोव्याच्या वाऱ्यात शोधून पुरत नाही. दूर दक्षिणेला, श्रीलंकेच्या आसपास वारा बदलला की त्याची लाट किनारा धरून इथवर येते. कोयनेच्या पावसाने कुन्नूरचा पूल बुडावा, त्याच जातीची ही गोष्ट आहे.

हिवाळ्यात लक्षद्वीपच्या भोवती शेकडो किलोमीटर रुंदीचा एक भोवरा तयार होतो. उपसागरातून आलेलं कमी खारट, हलकं पाणी तिथे वरच्या थरात साठून राहतं. एप्रिल-मेमध्ये तोच भाग तापून ३० अंशांवर जातो, आणि मोसमी पावसाच्या आगमनाशी या तापलेल्या पाण्याचा संबंध शास्त्रज्ञ जोडतात. या दोन्ही समुद्रांना जाणारं पाणी आमच्या जिल्ह्यातच वेगळं होतं. खानापूर तालुक्यात कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला कृष्णेकडे निघते. त्याच तालुक्यातल्या देगावहून म्हादई पश्चिमेला पणजीकडे जाते. एका सड्यावरचं पाणी दोन समुद्रांना मिळतं, आणि ते दोन समुद्र श्रीलंकेच्या टोकाशी एकमेकांत वळत असतात. बेळगावात म्हादईच्या पाण्यावरून वर्षानुवर्षं वाद चालला आहे. तो टीएमसीत चालतो, आणि न्यायनिवाड्याला टीएमसी लागतातच. पण कुठल्या महिन्यात किती, कुठल्या आठवड्यात काहीच नाही, कुठे मागे फुगलेलं आणि कुठे धावतं, हे त्या एका आकड्यात मावत नाही. नदीकाठचं जगणं मात्र त्यातच असतं.

म्हणून माझं मागणं लहान आहे आणि ते करता येण्यासारखं आहे. प्रत्येक बंधाऱ्याच्या काठाला दुरून वाचता येईल अशी पातळीची पट्टी रंगवलेली असावी, आणि तिच्याशेजारी मराठीत व कन्नडमध्ये फलक असावा: बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला पाण्यात उतरू नये, वरून शांत दिसलं तरी. ग्रामपंचायतीने मनात आणलं तर मिरगाआधी हे होतं. सुट्टीत मुलांना पोहायला धाडताना बंधाऱ्यापासून लांबचा, जाणत्या माणसाच्या नजरेतला डोह बघून द्या. आणि अकोळ-सिदनाळ असो, जत्राट-भिवशी असो की भोजवाडी-कुन्नूर, पुलावर पाणी आलेलं असेल तर ते घोट्याएवढं आहे म्हणून मोटारसायकल घालू नका. लांबच्या रस्त्याने जा.